मुंगीला मेंदू आहे आणि तिला वाट आठवते

गेले काही दिवस पुण्यातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय. सोबत व्हिडिओ आहे: हजारो मुंग्या एका वर्तुळात गरगर फिरताहेत. खालचा मजकूर थोडक्यात असा. "मुंगीला मेंदू नसतो. ती नुसती वासावर चालते, पुढची जाईल तिकडे मागची. वास पुसला की घर विसरते आणि अशी फिरून फिरून मरते. पशुपक्ष्यांना वाट शिकावी लागत नाही, ती जन्मतःच येते. निसर्गाने प्रत्येकाच्या डोक्यात चुंबक बसवलंय. जागा लक्षात ठेवणं, डोक्यात नकाशा धरणं फक्त माणसाला जमतं. आता मोबाइल टॉवरमुळे ते चुंबकही बिघडलंय, म्हणून मुंग्या, चिमण्या, मधमाश्या रस्ता चुकताहेत. सगळ्यांना पाठवा."

एरवी असले मेसेज मी सोडून देतो. पण आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या सहावीतल्या एका मुलीने हा मजकूर विज्ञान प्रकल्पाच्या वहीत जसाच्या तसा उतरवलेला पाहिला. विषय होता 'मुंगी'. गच्चीच्या कठड्यावर मुंग्यांची रांग वर्षभर असते, तिकडे तिला फिरकावंसंही वाटलं नाही, कारण बघण्यासारखं काही नाही असं मेसेजनेच सांगून टाकलं होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितो.

"मुंगीला मेंदू नसतो, ती नुसती वासावर चालते."

मेंदू असतो. मधमाशीच्या मेंदूत सुमारे १० लाख चेतापेशी असतात, मुंगीच्या मेंदूत त्याहून कमी. पण त्या कामाच्या असतात आणि कुठला भाग काय करतो हेही आता बऱ्यापैकी कळलंय. मुंगीच्या मेंदूत अळंबीच्या आकाराचे दोन भाग असतात. २०२० साली इंग्लंडमध्ये रानमुंग्यांवर आणि ऑस्ट्रेलियात तिथल्या मोठ्या डोळ्यांच्या बुलडॉग मुंग्यांवर वेगवेगळ्या गटांनी प्रयोग केले. या भागात बधिर करणारं औषध टोचलं. मुंग्या चालत राहिल्या, पण डोळ्यांनी बघून शिकलेली वाट त्यांना सापडेना. म्हणजे ती आठवण तिथे साठवलेली होती.

आता वासाबद्दल. यात अर्धं खरं आहे, आणि ते आधी मान्य करतो. स्वयंपाकघरात दिसणाऱ्या बारीक मुंग्यांची रांग वासाचीच असते. खाणं सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत येते, त्यातून गंधद्रव्याचे ठिपके उमटतात आणि बाकीच्या त्यावरून येतात. पण "पुढची जाईल तिकडे मागची" एवढ्यावर रांग चालत नाही. साधा प्रश्न विचारा: रांगेच्या मधोमध सापडलेल्या मुंगीला वारूळ कुठल्या बाजूला आहे हे कसं कळतं? वास तर दोन्हीकडे सारखाच.

ओट्याच्या कडेला गुळाचा खडा ठेवून हे घरीच बघता येतं. रांग लागली की तिच्या वाटेवर कागदाची पट्टी ठेवा. थोड्या वेळाने मुंग्या पट्टीवरून बिनधास्त जाऊ-येऊ लागतात. मग पट्टी अलगद उचलून टोकाकडून टोकाकडे फिरवून ठेवा. मुंग्या क्षणभर थबकतात, पट्टीच्या कडेशी मिशा हलवतात आणि आपापल्या दिशेने चालू लागतात. उलट फिरत नाहीत. म्हणजे "घर इकडे" हे वासात लिहिलेलं नसतं, ते दुसरीकडून कळतं.

कुठून, याचं एक फार देखणं उत्तर २००४ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी दिलं. घराघरांत आढळणाऱ्या फिकट पिवळ्या फॅरो मुंग्यांच्या वाटा वारुळापासून बाहेर जाताना फाटे फोडत जातात आणि हे फाटे साधारण ५० ते ६० अंशांच्या कोनात फुटतात. बाहेर निघालेल्या मुंगीला फाट्यावर दोन्ही वाटा समोरच्याच बाजूला, थोड्याशा वळणाऱ्या अशा मिळतात. परतणारीला मात्र एक वाट जवळजवळ सरळ आणि दुसरी मागे वळणारी अशी मिळते. दिशा चुकलेली मुंगी फाट्याशी आली की या कोनावरून आपली चूक ओळखते आणि वळते. वासाच्या वाटेलाही भूमिती आहे आणि ती मुंगीला वाचता येते.

युरोपातल्या काळ्या बागमुंग्यांवर २०११ साली आणखी सरळ परीक्षा झाली. मुंगीला दुभंगलेल्या वाटेवर एका बाजूला खाणं मिळू दिलं. एका-दोन खेपांतच तिने बाजू लक्षात ठेवली. मग दुसऱ्या बाजूला गंधाची वाट ओढली. एकीकडे तिची स्वतःची आठवण, दुसरीकडे बहिणींचा वास. बहुतेक मुंग्या आठवणीच्या बाजूने गेल्या.

आणि सगळ्याच मुंग्या रांगा करत नाहीत. भारतात सापडणारी डायाकॅमा ही काळी, लांबट मुंगी एकेकटी शिकारीला जाते. वारूळ हलवायची वेळ आली की वाट माहीत असलेली मुंगी दुसरीला मागे घेऊन जोडीने चालते. मागची पुढचीला मिशांनी स्पर्श करत राहते, स्पर्श तुटला की पुढची थांबून वाट बघते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत या स्थलांतरावर वर्षानुवर्षं काम चाललंय. ही मुंगी वासाच्या पट्टीवर चालणारी नाहीच, वाट माहीत असलेल्या बहिणीकडून ती वाट शिकून घेते.

मेसेजमधलं हे मत तसं फार जुनं. १८९८ साली आल्ब्रेख्ट बेथे या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने मुंग्या आणि मधमाश्या म्हणजे नुसती प्रतिक्षिप्त क्रियांची यंत्रं आहेत असं मांडलं होतं. त्याच्याही आधी, १८८२ सालच्या आपल्या पुस्तकात जॉन लबक या इंग्रज अभ्यासकांनी फिरत्या मेजावरचे प्रयोग नोंदवले होते: मेज फिरवलं की मुंग्या वळून आपली मूळ दिशा धरतात, कारण त्या उजेडाकडे लक्ष ठेवतात. पण बेथेंचं मत निकालात काढणारा प्रयोग ट्युनिशियात झाला. फेलिक्स सांची हे स्विस डॉक्टर कैरुआन या गावात रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात मुंग्या बघायचे. घरी परतणाऱ्या मुंगीवर त्यांनी फळी धरून ऊन अडवलं आणि दुसऱ्या बाजूने आरसा धरून सूर्याचं प्रतिबिंब तिच्यावर पाडलं. मुंगी गर्रकन वळली आणि उलट दिशेने चालू लागली. आरसा काढला की पुन्हा मूळ दिशेला. जमीन तीच, वास तोच, बदलला फक्त सूर्य. हे १९११ साली प्रसिद्ध झालं. मेसेजला यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही, आणि ते शंभरहून जास्त वर्षांपूर्वी देऊन झालंय.

त्याच ट्युनिशियाच्या वाळवंटातल्या कॅटाग्लिफिस मुंगीवर झ्युरिकच्या रुडिगर वेनर यांनी पुढे आयुष्य घालवलं. ही मुंगी भर दुपारी बाहेर पडते. उन्हाने मेलेले किडे वेचणं हा तिचा धंदा. जमीन इतकी तापलेली असते की वासाची वाट ओढली तरी टिकणार नाही. ती शंभर-शंभर मीटर दूर जाते, वेडीवाकडी, नागमोडी, मध्येच गोल फिरून. किडा सापडला की मात्र सरळ रेषेत वारुळाच्या इवल्याशा भोकाकडे धावत सुटते. ज्या वाटेने आली त्या वाटेने ती परतत नाही, म्हणजे स्वतःच्या वासावर चालणं शक्यच नाही.

मंडईत शिरून चार बोळ इकडे, दोन बोळ तिकडे फिरल्यावरही मुरलेला पुणेकर "शनिवारवाडा या बाजूला" म्हणून हात दाखवतो, तसंच काहीसं. फरक इतका की मुंगी हे प्रत्येक पावलाला करते आणि तिला अंतरही कळतं. प्रत्येक टप्प्याला किती चाललो आणि कुठल्या दिशेला, याची बेरीज डोक्यात चालू राहते, त्यामुळे कुठल्याही क्षणी घर कोणत्या दिशेला आणि किती दूर हे तिच्याकडे तयार असतं. दिशा ती आकाशावरून घेते. सूर्य ढगाआड असला तरी चालतं, कारण निळ्या आकाशातल्या प्रकाशाच्या कंपनांना ठरावीक दिशा असते. आपल्याला ती दिसत नाही, मुंगीच्या डोळ्याच्या वरच्या कडेला खास त्यासाठीची भिंगं असतात.

आणि अंतर? यावरचा प्रयोग मी मुलांना नेहमी सांगतो. २००६ साली मॅथियास विटलिंगर, वेनर आणि हाराल्ड वोल्फ यांनी मुंग्यांना वारुळापासून १० मीटरवरच्या खाण्यापर्यंत चालू दिलं. तिथे त्यांना पकडून काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, तर काहींचे पाय टोकाकडून कापून आखूड केले. मग परत सोडलं. उंच झालेल्या मुंग्या घर ओलांडून सुमारे १५ मीटरपर्यंत गेल्या आणि तिथे भोक शोधू लागल्या. आखूड पायांच्या सहा मीटरच्या अलीकडेच थांबून शोधू लागल्या. दोघींनी पावलं तेवढीच टाकली होती, पाऊल मात्र लहान-मोठं झालं होतं. त्याच बदललेल्या पायांनी दुसऱ्यांदा वारुळातून बाहेर जाऊन आल्या तेव्हा दोघीही बरोबर पोचल्या. मुंगीकडे पावलांचा हिशोब असतो, याहून स्वच्छ पुरावा काय हवा?

पाय कापण्याचा भाग मुलांना सांगताना मला जड जातं आणि मी ते लपवत नाही. मुंगीला कमी लेखून आपल्याला काय काय करता येतं, हाही प्रश्न मुलं विचारतात. तो विचारलाच पाहिजे.

"वास पुसला की घर विसरते आणि फिरून फिरून मरते."

ओट्यावरच्याच रांगेत वीतभर जागा ओल्या फडक्याने पुसून बघा. कडेशी आलेल्या पहिल्या मुंग्या थांबतात. मिशा झपाझप हलवतात, डावी-उजवीकडे जाऊन येतात, काही मागे फिरतात, येणारीला तोंड लावतात. गर्दी साचते. मग एखादी पुसलेल्या भागात थोडं आत जाते, मागे येते, पुन्हा आणखी आत जाते. ती पलीकडे पोचली की मागोमाग दुसऱ्या, आणि काही मिनिटांत रांग पूर्ववत. मेलेली एकही दिसत नाही. खडूची रेघ ओढली की मुंग्या येत नाहीत असं कुणी म्हणेल, तर दुकानात मिळणाऱ्या त्या खडूत कीटकनाशक असतं, मुंग्या त्याने मरतात. त्याचा वाट विसरण्याशी संबंध नाही.

वाळवंटातली मुंगी खरोखर हरवली तर काय करते, हेही तपासलेलं आहे. घरी निघालेल्या मुंगीला उचलून भलत्याच जागी सोडलं की ती ठरलेल्या दिशेला ठरलेलं अंतर धावते आणि घर नाही म्हटल्यावर थांबते. मग शोध सुरू. १९८१ साली वेनर आणि बंगळुरूत शिकलेले मंड्यम श्रीनिवासन यांनी या शोधाचे मार्ग काढून दाखवले: मुंगी छोटी फेरी मारून सुरुवातीच्या बिंदूशी परत येते, मग दुसऱ्या दिशेला फेरी, पुन्हा परत, फेऱ्या हळूहळू मोठ्या होत जातात. घर जिथे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तिथेच सगळ्यात जास्त वेळ. हरवल्यावर माणसंही इतकं डोकं शांत ठेवत नाहीत.

मग व्हिडिओ खोटा आहे का? नाही. ते वर्तुळ खरं आहे, फक्त ते कुणाचं आहे हे मेसेज सांगत नाही. लष्करी मुंग्या नावाचा एक गट आहे, जवळजवळ आंधळा. त्यांना कायमचं वारूळ नसतं, हजारोंच्या फौजेने त्या फिरत शिकार करतात आणि खरोखरच एकमेकींच्या वासावर चालतात. फौजेचा एखादा तुकडा मूळ वाटेपासून तुटला आणि आघाडीच्या मुंग्यांना स्वतःच्याच शेपटाचा वास लागला की चक्र सुरू होतं. विल्यम बीब यांनी गयानाच्या जंगलात पाहिलेलं असं चक्र १९२१ साली नोंदवलंय. त्याचा घेर १,२०० फूट होता, एका मुंगीला फेरी पुरी करायला अडीच तास लागत होते आणि त्यात खरंच खूप मुंग्या मेल्या. भारतातही या गटाच्या बिनडोळ्यांच्या एनिक्टस मुंग्या आहेत. पण त्यावरून "मुंगी अशी असते" म्हणणं चूक आहे. मुंग्यांच्या १३ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्यात. त्यातल्या एका आंधळ्या गटाचा अपघात दाखवून बाकी सगळ्यांवर शिक्का मारलाय.

"वाट शिकावी लागत नाही, जन्मतःच येते."

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे वाक्य, कारण ते ऐकायला आदराचं वाटतं. निसर्गाची किमया वगैरे. प्रत्यक्षात ते प्राण्यांच्या मेहनतीवर बोळा फिरवतं.

पावसाळ्याच्या आगेमागे आपल्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. तिचं येणं-जाणं जवळून बघा. नव्या जागेवरून ती पहिल्यांदा निघते तेव्हा सरळ उडून जात नाही. हातभर मागे जाते, घराकडे तोंड करून हवेत थांबते, डावीकडून उजवीकडे कमान करत झुलते, मग जरा मागे, जरा वर, कमान मोठी होत जाते. नजर सतत घराकडे. आणि मग निघून जाते. ही उजळणी आहे. जवळच्या वस्तू कुठे आहेत आणि दुरून त्या कशा दिसतात हे ती बघून ठेवते. पुढच्या खेपांना हा सोहळा नसतो. तिच्या घराशेजारची कुंडी सरकवली तर परतल्यावर ती चाचपडते.

निको टिंबर्गेन यांनी नेदरलँड्समध्ये १९३०च्या दशकात नेमकं हेच सिद्ध केलं. जमिनीत बीळ करणाऱ्या गांधीलमाशीच्या घराभोवती त्यांनी पाइनच्या फळांचं कडं मांडलं. माशी उडून गेल्यावर कडं थोडं बाजूला सरकवलं. परतलेली माशी कड्याच्या मधोमध उतरली, जिथे बीळ नव्हतंच. खरं बीळ शेजारी उघडं होतं. टिंबर्गेन यांना पुढे १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेन्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं.

मुंग्याही असंच करतात. आयुष्याचा पहिला भाग त्या वारुळात अंधारात काम करतात. बाहेर पडायची वेळ आली की कॅटाग्लिफिस मुंगी आधी काही दिवस तोंडाशीच फेऱ्या मारते, मध्ये थांबून स्वतःभोवती गिरकी घेते आणि नेमकी वारुळाच्या दिशेला नजर रोखते. खाणं आणायचं नसतंच तिला, ती परिसर पाठ करत असते. वेनर यांनी वारुळाच्या दोन बाजूंना काळे खांब उभे करून हे पाठांतर कसं असतं तेही बघितलं. दुसरीकडे नेऊन खांबांमधलं अंतर दुप्पट केलं तर मुंग्या गोंधळल्या. अंतर आणि खांब दोन्ही दुप्पट केले तर पुन्हा बरोबर मधोमध शोधू लागल्या, कारण मधून बघितलं की दृश्य पहिल्यासारखंच दिसत होतं.

पक्ष्यांच्या बाबतीत मेसेजचं म्हणणं काही अंशी खरं आहे. स्थलांतराची ढोबळ दिशा जन्मतः मिळते, हे नक्की. पण तेवढ्यावर भागत नाही. ए. सी. पर्डेक यांनी नेदरलँड्समध्ये स्थलांतराच्या वाटेवर असलेल्या सुमारे ११ हजार मैना जातीच्या पक्ष्यांना पकडून, कडी घालून, विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडलं. निष्कर्ष १९५८ साली आले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं जन्मजात दिशेनेच गेली आणि स्पेन-फ्रान्सच्या भलत्याच भागात पोचली. एकदा प्रवास केलेले थोराड पक्षी मात्र दिशा बदलून आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडे वळले. हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या याच कुळातल्या.

स्टीफन एम्लेन यांचा तारांगणातला प्रयोग तर पुण्यातल्या प्रत्येक आकाशदर्शन मंडळात सांगायला हवा. अमेरिकेतला इंडिगो बंटिंग हा छोटा निळा पक्षी रात्री ताऱ्यांवरून दिशा धरतो. एम्लेन यांनी काही पिल्लं अशा कृत्रिम आकाशाखाली वाढवली जे ध्रुवाभोवती फिरण्याऐवजी मृग नक्षत्रातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरत होतं. पिल्लं मोठी झाली, स्थलांतराचा मोसम आला, आणि त्यांनी काक्षीलाच उत्तर दिशा मानून तिच्याकडे पाठ केली. म्हणजे ताऱ्यांचा नकाशा अंड्यातून येत नाही. "जो भाग फिरत नाही तो शोध" एवढं जन्मतः येतं, बाकीचं पिल्लू रात्री-रात्री आकाश बघून शिकतं.

पेठांतल्या गच्च्यांवर कबुतरं पाळणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. नवं पाखरू कुणी पहिल्याच दिवशी लांब नेऊन सोडत नाही. आधी खुराड्याभोवती, मग जवळून, मग लांबून.

"प्रत्येकाच्या डोक्यात चुंबक."

चुंबकीय जाणीव बऱ्याच प्राण्यांना आहे, ही वाद घालायची गोष्ट नाही. युरोपातल्या रॉबिन पक्ष्यात ती आहे, समुद्री कासवांत आहे, आणि २०१८ साली कळल्याप्रमाणे कॅटाग्लिफिस मुंगीही वर सांगितलेल्या गिरक्यांच्या वेळी वारुळाची दिशा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून धरते. चूक आहे ती "एकच यंत्र, सगळ्यांना पुरेसं" ही कल्पना. विल्यम कीटन यांनी अमेरिकेत कबुतरांच्या पाठीवर छोटी चुंबकं बांधली, निष्कर्ष १९७१ साली छापले. ढगाळ दिवशी ती कबुतरं भरकटली, पण ऊन असताना चुंबक पाठीवर घेऊनही घरी पोचली. सूर्य असला की सूर्य, नसला की चुंबक. ओळखीच्या मुलखात तर तिसराच मामला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ कबुतरांच्या पाठीवर जीपीएस बांधून पाहिलं, तेव्हा प्रत्येक कबुतर आपली ठरलेली वाट धरतं, रस्ते आणि शेतांच्या कडा धरून उडतं, भले ती वाट थोडी लांबची असो, हे २००४ साली पुढे आलं. कुठलं साधन कधी वापरायचं हे पाखरू ठरवतं.

"जागा लक्षात ठेवणं, नकाशा डोक्यात धरणं फक्त माणसाला जमतं."

हा मुद्दा लवकर संपतो. डोक्यातल्या नकाशाच्या पेशी पहिल्यांदा सापडल्या त्या उंदराच्या मेंदूत. जॉन ओकीफ यांनी १९७१ साली दाखवलं की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी जागी होते, दुसऱ्या जागी दुसरी. २००५ साली मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना शेजारच्या भागात षटकोनी जाळी आखल्यासारख्या जागांवर जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४चं नोबेल मिळालं. माणसात तशाच पेशी दिसल्या त्या उंदरानंतर. अमेरिकेच्या डोंगरांतला नटक्रॅकर पक्षी हिवाळ्यासाठी पाइनच्या बिया हजारो जागी पुरतो आणि महिन्यांनंतर उकरतो. १९८२ साली स्टीफन व्हँडर वॉल यांनी पिंजऱ्याच्या एका बाजूच्या खुणा २० सेंटिमीटर सरकवल्या, तर पक्ष्याची चोचही त्या बाजूला तेवढीच चुकली.

मुंगीच्या डोक्यात असा पूर्ण नकाशा आहे का, यावर अभ्यासकांत अजून जोरदार मतभेद आहेत. घराची दिशा-अंतर आणि वाटेतल्या दृश्यांच्या आठवणी एवढ्यावर सगळं उलगडतं, असं एका बाजूचं म्हणणं, आणि मला ते पटतं. पण त्यात कुठेही "आठवण नाही" असं कुणी म्हणत नाही.

"मोबाइल टॉवरमुळे रस्ता चुकताहेत."

इथे एक खरा प्रयोग आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तो अर्धवट ऐकलाय. जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे रॉबिन पक्ष्यांचं चुंबकीय होकायंत्र शहरातल्या विद्युत उपकरणांच्या गोंगाटाने बिघडतं, हे २०१४ साली दाखवलं गेलं. पण तो गोंगाट ५० किलोहर्ट्‌झ ते ५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातला होता. २०२३ साली तिथल्याच गटाने वरची मर्यादा शोधली, तर १४० मेगाहर्ट्‌झ आणि त्यापुढच्या लहरींनी पक्ष्यांचं होकायंत्र बिघडलं नाही. आपल्याकडचे मोबाइल ७०० मेगाहर्ट्‌झच्या वर चालतात. शिवाय आपल्या घराभोवतीची चिमणी स्थलांतर करत नाही, ती बहुधा जन्मभर त्याच वस्तीत राहते. आणि मुंगी दिशा घेते ती मुख्यतः आकाशाकडून.

आकाश बिघडवणारी गोष्ट वेगळीच आहे: दिवे. दक्षिण आफ्रिकेतले शेणकिडे रात्री शेणाचा गोळा सरळ रेषेत ढकलत नेतात आणि चंद्र नसेल तर आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतात, हे २०१३ साली कळलं. त्याच किड्यांना जोहान्सबर्गमध्ये एका गच्चीवर सोडून २०२१ साली पाहिलं, तर शहराच्या उजेडात आकाशगंगा दिसत नसल्याने ते इमारतींच्या दिव्यांकडे जाऊ लागले.

आपल्या जिल्ह्यातही असा एक रात्रीचा वाटसरू आहे. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस, आल्मुट केल्बर आणि एरिक वॉरंट यांनी रात्री उडणाऱ्या एका सुतारभुंग्याचा अभ्यास केला. वाळक्या लाकडात घर पोखरणारा हा भुंगा अमावास्येच्या रात्रीही फुलांवर जातो आणि घरी परततो. त्याचे डोळे दिवसा उडणाऱ्या माश्यांच्या धाटणीचेच आहेत, ज्यांना त्या अंधारात काही दिसू नये. तरीही घराच्या तोंडाशी लावलेल्या खुणेचा रंग तो नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात शिकतो आणि ओळखतो, हे २००८ साली प्रसिद्ध झालं. आपल्याला त्या उजेडात स्वतःच्या शर्टाचा रंग सांगता येत नाही.

म्हणून टॉवरविरुद्धची ही आरोळी मला नुकसानीची वाटते. तिच्यामुळे लोक वर टॉवरकडे बघतात आणि सोसायटीच्या मागच्या भिंतीवरचा फ्लडलाइट कुणाच्या लक्षात येत नाही. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी असे कितीतरी दिवे रात्रभर टेकडीकडे तोंड करून जळतात. त्यांची तोंडं जमिनीकडे वळवायला आणि अकरानंतर निम्मे बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही, सोसायटीच्या सभेतला एक ठराव पुरतो. आमच्या पुढच्या सभेत मी तो मांडणार आहे, आणि त्याच्यासोबत हे उत्तर गटावर टाकणार आहे.